खोट्या सुरक्षिततेची किंमत

राष्ट्रापुढचा सर्वांत निकडीचा प्रश्न कोणता, असे विचारले असता जे उत्तर मिळते त्यावरून उत्तर देणारा कोठे राहतो हे बहुधा ओळखता येते. बीड वा यवतमाळच्या कोरडवाहू शिवारात विचारले तर पिकाचा भाव, डोक्यावरचे कर्ज आणि हाताला नसलेले काम यांखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांत विचारले तर घरफोड्या, पलीकडच्या वस्तीतील ‘ती पोरे’ आणि रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीची काळजी पुढे येते. मंत्रालयात उत्तर ठरलेले असते : सुरक्षितता. पहिली दोन उत्तरे ज्यांना झळ पोचते त्यांची आहेत. तिसरे राज्य करणाऱ्यांचे आहे, आणि म्हणूनच ते अधिक बारकाईने तपासून घेतले पाहिजे.

केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोठे वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतो. एकात गुन्ह्यांची मोजदाद असते, दुसऱ्यात अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांची. २०२२ सालचे हे दोन अहवाल शेजारी ठेवून महाराष्ट्राची पाने उघडली तर असे दिसते की, त्या वर्षी राज्यात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले आणि शेती व शेतमजुरीवर जगणाऱ्या ४,२४८ माणसांनी आत्महत्या केल्या. संपूर्ण देशात त्या वर्षी खुनाचे गुन्हे अठ्ठावीस हजारांच्या घरात होते. क्षयाने मात्र या देशात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे दगावतात, आणि क्षय हा कोंदट खोलीचा व अर्धपोटी शरीराचा रोग आहे हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही. खुनाच्या आकड्यावरून विधिमंडळात गदारोळ होतो, गृहमंत्र्यांचा राजीनामा मागितला जातो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या आकड्यावरून काय होते? जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि मेलेला माणूस ‘पात्र’ होता की ‘अपात्र’ याचा निकाल करते. कुटुंबात कोणाच्या नावावर सातबारा होता काय, कर्ज बँकेचे वा सहकारी संस्थेचे होते काय, सावकाराचे असेल तर सावकार परवानाधारक होता काय, वसुलीचा तगादा लागला होता काय, हे सारे कागदोपत्री सिद्ध झाले तर वारसाला एक लाख रुपये. दुसऱ्याचे रान बटाईने कसणारा भूमिहीन या चौकटीत बसत नाही. ज्याला बँकेने दारात उभे केले नाही आणि म्हणून जो गावातल्या बिनपरवाना सावकाराकडे गेला, तोही बसत नाही. म्हणजे जो अधिक गरीब, तो मेल्यावरही अपात्र ठरण्याचा संभव अधिक.

येथे समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. दारिद्र्य हटले की गुन्हे आपोआप हटतील, असे चळवळीच्या अभ्यासशिबिरांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. ते अर्धेच खरे होते. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ती उपाशी माणसांनी पोटासाठी केलेली नव्हती. थोडी जमीन बाळगून स्वाभिमानाने जगू पाहणाऱ्या कुटुंबाला जातीच्या उन्मादाने ती शिक्षा दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवहार गोठवले गेले आणि आयुष्यभराची पुंजी तेथे ठेवलेल्या खातेदारांना प्रथम अवघे हजार रुपये काढण्याची परवानगी मिळाली. ज्यांच्या उलाढालींमुळे ही पाळी आली ते कोणी झोपडपट्टीत राहणारे नव्हते. गुन्हा हा केवळ गरिबीचा पुत्र नाही. मात्र गुन्ह्याची पहिली झळ गरिबालाच पोचते. वस्तीतल्या दादाचा हप्ता फेरीवाला भरतो. गुत्त्यावरून परतलेल्या नवऱ्याचा मार मोलकरीण खाते, आणि तक्रार घेऊन ठाण्यावर गेली तर ‘घरातले भांडण घरात मिटवा’ असे ऐकून परत येते. तिला पोलीस हवा आहे. तिच्या बाजूने उभा राहणारा पोलीस हवा आहे. या बाईची भीती खरी असताना तिच्याशी केवळ उत्पादनसाधनांच्या मालकीविषयी बोलत राहणे, आणि गुन्ह्याचा विषय प्रतिगामी पक्षांना आंदण देऊन टाकणे, ही चूक चळवळीकडून झाली. तिची किंमत निवडणुकांत मोजावी लागली.

तेव्हा दारिद्र्य खरे आहे आणि गुन्हाही खरा आहे. या दोहोंपेक्षा निकडीचा असा जो तिसरा प्रश्न आहे तो निकडीचा अशासाठी की, तो या दोन्ही प्रश्नांना हात लावू देत नाही. धान्य, काम, औषध आणि न्याय यांचा बंदोबस्त न करता बंदोबस्ताचा देखावा तेवढा उभा करायचा, आणि लोकांना त्याचेच समाधान मानायला लावायचे, या राज्यपद्धतीला खोटी सुरक्षितता म्हणावे लागते. तिच्यात कोणी सुरक्षित होत नाही. भय मात्र कायम राहते, आणि भय आहे तोवर पुढच्या निवडणुकीत पुन्हा तेच आश्वासन देता येते.

संकट नसतेच असा याचा अर्थ नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा सशस्त्र हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि १६६ माणसे मारली गेली. त्या रात्री देशात कडक कायद्यांचा तुटवडा नव्हता. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ पासून होता, महाराष्ट्राचा स्वतःचा मोक्का १९९९ पासून होता. तुटवडा दुसऱ्याच गोष्टींचा होता. गिरगाव चौपाटीवर ज्यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून एका हल्लेखोराला जिवंत पकडून दिले त्या तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. या घटनेनंतर पहिले काम कोणते झाले? डिसेंबर २००८ मध्ये कायदा आणखी कडक झाला; आरोपपत्राशिवाय माणसाला १८० दिवसांपर्यंत डांबून ठेवण्याची सोय झाली. कायदा करायला एका अधिवेशनातील दोन-तीन दिवस पुरतात. शिपायाला चांगले हत्यार, राहायला धड खोली आणि कामाचे माणुसकीचे तास द्यायला वर्षे लागतात आणि पैसा लागतो. याच मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केले तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेण्यात आली होती. पोलिसाच्या सुरक्षिततेविषयी सत्ताधाऱ्यांना किती कळवळा असतो ते तेव्हाच दिसले.

खोट्या सुरक्षिततेचा जुना आणि लख्ख नमुना पाहायचा तर १८७१ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, उचल्या अशा जमातींच्या माणसांनी ठराविक वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय वेस ओलांडायची नाही, असा हा कारभार. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. दिवसा तिथल्या माणसांनी गिरणीत राबायचे आणि रात्री कुंपणाआड मोजून घ्यायचे. याने चोऱ्या किती कमी झाल्या हा प्रश्न कोणी विचारला नाही. गिरणीला स्वस्त मजूर मिळाला, आणि ‘चोर तिकडे कुंपणात आहेत’ या समजुतीने बाकीच्या शहराला झोप लागली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्तदिन म्हणून पाळतात. परंतु सातेक वर्षांतच, १९५९ साली, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला आणि जमातीचे नाव गाळून तीच हजेरी मागच्या दाराने आत आली. त्याच वर्षी भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. या कायद्याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. हात पसरणारा तर भिकारी आहेच. पण सार्वजनिक जागी गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, कसरत करून दाखवणारा आणि ज्याच्या उपजीविकेचे साधन डोळ्यांना दिसत नाही असा भटकणारा माणूसही त्यात येतो. वासुदेव, पोतराज, डोंबारी, नंदीवाला यांची लोककला म्हणून सरकारी महोत्सवात मिरवणूक काढायची आणि तोच माणूस चौकात उभा राहिला की विनावॉरंट पकडून वर्ष ते तीन वर्षे कोंडण्याची तरतूद ठेवायची, असे हे आपले सांस्कृतिक धोरण. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा कायदा दिल्लीपुरता बहुतांशी रद्दबातल ठरवला. माणसाला जगण्याचे साधन द्यायचे नाही आणि साधन नाही म्हणून त्यालाच शिक्षा द्यायची, हे घटनेत बसत नाही असा त्या निकालाचा आशय होता. तुरुंगांच्या नियमावल्यांतून विमुक्त जमातींना अट्टल गुन्हेगार समजण्याची रीत तर त्यानंतरही चालू होती. एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. १८७१ पासून हिशेब केला तर दीडशे वर्षे उलटून गेली होती. एवढ्या काळात पारध्याच्या पालावर पहाटे पडणाऱ्या धाडीने ज्या गावाला सुरक्षित वाटत राहिले, त्या गावाच्या शाळेत पारध्याचे पोर टिकले नाही, हा कोणाच्या अहवालाचा विषय झाला नाही.

या व्यवस्थेचा शेवटचा मुक्काम तुरुंगात आहे. २०२२ सालाअखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२ हे कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. हे बाहेर का येत नाहीत याचे उत्तर १९७८ सालीच मिळालेले आहे. मध्य प्रदेशातील एका गवंड्याला न्यायालयाने जामीन मंजूर केला; खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला आणि गवंड्याचा भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकरणात गरिबाला न परवडणाऱ्या जामिनाचे वाभाडे काढले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा असे आढळले की कित्येकांनी ज्या आरोपावरून त्यांना पकडले होते त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्यावाचून कोठडीत काढला होता. दोन्ही निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. तुरुंगांतील प्रमाण मात्र २०२२ सालाअखेरही पाऊणशे टक्क्यांवर होते. जामिनाचे पैसे नसणे हा गुन्हा नाही, परंतु त्याची शिक्षा रोज भोगली जाते.

आणि ज्या कायद्यांचा आधार घेऊन देश सुरक्षित केल्याचे सांगितले जाते त्यांचा इतिहास काय सांगतो? १९५० साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा एका वर्षापुरता म्हणून आला आणि १९६९ च्या अखेरपर्यंत राहिला. १९७१ साली ‘मिसा’ आला तो देशाच्या शत्रूंसाठी. चारच वर्षांनी आणीबाणीत त्याखाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाल्याचे शहा आयोगाने मोजले. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी-थाळ्या घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर त्या काळात गजाआड होत्या. प्रमिला दंडवते येरवड्यात होत्या. रॉकेल आणि साखर मागणारी बाई राष्ट्राच्या सुरक्षिततेला कशी धोकादायक असते, हे त्या पिढीच्या कार्यकर्त्यांना वाचून समजून घ्यावे लागले नाही. पुढे १९८५ चा ‘टाडा’ दहा वर्षे चालला; सत्तर हजारांहून अधिक माणसे पकडली गेली आणि दोषी ठरलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंतही पोचले नाही. २००२ चा ‘पोटा’ २००४ साली मागे घ्यावा लागला.

एवढा अनुभव गाठीशी असताना महाराष्ट्राच्या विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी आणि विधान परिषदेने दुसऱ्या दिवशी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या. त्यांचे एक फलित असे की ‘व्यक्ती आणि संघटना’ हे शब्द जाऊन ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम संघटना’ असे शब्द आले. हे ‘तत्सम’ फार सोयीचे आहे. सर्वांत गंभीर बाब अशी की, प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तिचा प्रचार करणे हेही बेकायदा कृत्याच्या व्याख्येत घालण्यात आले, आणि शिक्षेची मर्यादा सात वर्षांपर्यंत नेण्यात आली. या व्याख्येत १९३० सालचे वडाळ्याचे मिठागर बसते. बिळाशी आणि चिरनेरचे जंगल सत्याग्रह बसतात. लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती फावडे आणि मतपत्रिका यांच्याबरोबरीने तुरुंगही दिला होता, तोही बसतो. गडचिरोलीतील सशस्त्र कारवायांसाठी आधीचे कायदे पुरेसे होते. सरकार स्वतःच तेथे नक्षलवाद आटोक्यात आल्याचे अभिमानाने सांगते. मग जंगलातला धोका घटत असताना शहरातला कायदा वाढतो कशासाठी? विधानसभेत या विधेयकाला उघड विरोध केला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी. समाजवाद्यांचे कम्युनिस्टांशी हिशेब जुने आहेत आणि ते सगळे मिटलेले नाहीत. पण त्या दिवशी ज्या बाकांवरून लोकशाहीची भाषा रोज बोलली जाते ती बाके सभागृहात गप्प राहिली, याची नोंद व्हायला हवी.

खरी सुरक्षितता कशी असते याचा शोध घ्यायला महाराष्ट्राला परदेशी जाण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे छावणीला नाहीतर कसायाला गेली. इतक्या मोठ्या अवर्षणात इतिहासाच्या नियमाने लाखो माणसे मरायला हवी होती. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलावांची माती उपसत होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. मजुरी तुटपुंजी होती, मुकादम लबाड होते, हप्ते थकत होते. तरी चूल पेटत होती. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूरला १९६५ साली वि. स. पागे यांनी जो प्रयोग केला होता, त्याचे या अनुभवातून रोजगार हमीच्या कायद्यात रूपांतर झाले. कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला; मुंबईतल्या पगारदाराने आपल्या पगारातून माणच्या मजुराच्या रोजीचा वाटा उचलायचा, अशी त्यामागची कल्पना. पोलिसाची एकही नवी चौकी न बसवता या कायद्याने खेड्यातल्या माणसाच्या मनातली उद्याची धास्ती काही अंशी तरी कमी केली, आणि मालकाच्या दारात ‘याच मजुरीवर ये, नाहीतर उपाशी मर’ हे ऐकून घेण्याची सक्ती सैल केली. हमीतील भ्रष्टाचाराविरुद्ध चळवळीने मोर्चे काढले ते हमी नको म्हणून नव्हे.

२००५ साली देशाने हे तत्त्व स्वीकारले आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १२५ झाल्याची जाहिरात झाली. परंतु पेरणी-कापणीच्या काळात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा त्यात आहे, बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के भार टाकला आहे, आणि राज्याला किती निधी द्यायचा ते केंद्राने आधीच ठरवायचे आहे. मागेल त्याला काम, हा हमीचा प्राण होता; ठरल्या निधीपुरते काम, ही तिची नवी मर्यादा. आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत हमीचे काम बंद म्हणजे त्या दिवसांत मजुरीचा दर कोण ठरवणार, हे शेतमजुराला समजावून सांगावे लागणार नाही. जनसुरक्षेच्या विधेयकाला जेवढी वर्तमानपत्री जागा मिळाली तिच्या दशांशही या तरतुदींना मराठीत मिळाली नाही.

पक्षाच्या तालुका समित्यांनी या दोन गोष्टी एकत्र घेऊनच लोकांपुढे गेले पाहिजे. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात किती आत्महत्या ‘अपात्र’ ठरल्या आणि कोणत्या कारणासाठी, याची यादी जिल्हाधिकारी कचेरीतून माहितीच्या अधिकाराखाली मिळते. जिल्हा कारागृहात जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी किती कच्चे कैदी अडकून पडले आहेत, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून काढता येते. त्यांत आपल्या तालुक्यातले, पालांवरचे, वस्त्यांवरचे किती, हे नावानिशी लिहून त्यांच्या घरी जाता येते. कामाची मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि दिनांकासह पोच घ्यावी. पोच नाकारणाऱ्या ग्रामसेवकाचे नाव टिपून ठेवावे. वस्तीतल्या बाईची तक्रार ठाण्यावर नोंदवून घ्यायला तिच्याबरोबर दोन कार्यकर्ते जावेत, त्यांतील एक स्त्री असावी. या याद्या विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनापूर्वी तयार असल्या, तर सुरक्षिततेवरच्या चर्चेत त्या सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची मागणी प्रत्येक मतदारसंघातील आमदाराकडे, तो कोणत्याही पक्षाचा असो, करता येईल.